गरीब दाराशी आणि आपण न्यायासनावर



नोव्हेंबर महिना उजाडला की आपली पावले दफनभूमीकडे वळतात. आपल्या माणसांच्या कबरी आपण स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, त्यांच्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण करतो. याच महिन्यात ख्रिस्तसभेचे उपासना वर्ष संपत येते. उपासना वर्षाच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण येतो. त्याच्या आधीचा रविवार, पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ठरविल्याप्रमाणे, २०१७ पासून गरिबांचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो. मरण, न्याय आणि गरीब हे तिन्ही विषय असे लागोपाठ आपल्यासमोर येतात ते बरेच आहे, कारण त्यांची सांगड खुद्द प्रभू येशूनेच घातलेली आहे.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील शेवटच्या न्यायाचे वर्णन आपण अनेकदा ऐकले आहे. परीक्षेच्या आधीच गुरुजींनी प्रश्नपत्रिका मुलांच्या हाती द्यावी, तसे प्रभूने तेथे केले आहे. प्रश्न सहाच आहेत. भुकेल्याला अन्न दिले का? तहानलेल्याला पाणी? परक्याला आसरा? उघड्याला वस्त्र? आजाऱ्याची काळजी घेतली का? तुरुंगातल्या माणसाकडे गेलात का? शेजाऱ्याचे कोणते पाप तुम्ही शोधून काढले, हा प्रश्न त्यात मुळीच नाही. शेवटचा प्रश्न तर विशेष लक्ष देण्यासारखा आहे. तुरुंगात पुष्कळदा गुन्हा केलेला माणूस असतो. निरपराध कैद्यालाच भेटा, अशी अट प्रभूने घातलेली नाही. उलट त्या कैद्याच्या जागी तो स्वतःला उभे करतो.

आता आपण आपल्याकडे पाहू. आपल्या दाराशी एखादी बाई येते. घरात तांदूळ नाही, मुलाची फी भरायची राहिली आहे, असे सांगते. तिला पाणी विचारण्याआधीच आपल्या मनात चौकशी सुरू होते. हिचा नवरा पितो ना? मग आम्ही का द्यायचे? हिने आईबापांच्या मनाविरुद्ध लग्न केले होते ना? मग भोगू दे. ही मिस्साला कधी दिसते का? हिच्या हातात मोबाइल आहे, मग ही गरीब कसली? वीटभट्टीवरच्या आणि बांधकामावरच्या मजुरांच्या बाबतीत तर आपण एका वाक्यात सगळ्यांचा निकाल लावतो. हे लोक आळशी, हे लोक चोर, आज इथे तर उद्या तिथे. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात दहा मिनिटे उभे राहिले, तरी असे दोन-चार निकाल कानावर पडतात. धर्मगुरू असो वा प्रापंचिक, हा मोह कोणालाच चुकलेला नाही. मदत मागायला आलेल्या माणसाला जेवढे प्रश्न विचारले जातात, त्यांतला एकही प्रश्न देणगी द्यायला आलेल्या माणसाला विचारला जात नाही. त्याचा पैसा कुठून आला, त्याच्या घरात काय चालते, हे आपण विचारीत नाही. त्याच्या नावाची मात्र फरशी बसवतो.

हे प्रश्न आपण का विचारतो? सत्य कळावे म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा दारातला माणूस पापी ठरला की आपली सुटका होते, म्हणून विचारतो. एकदा निकाल लागला की खिशात हात घालावा लागत नाही. शिवाय आपण धर्माची आणि नीतीची बाजू घेतली, असे समाधानही मिळते. पैसेही वाचतात आणि पुण्यही पदरात पडल्यासारखे वाटते. दुसऱ्याच्या पापाचा न्याय करणे हा गरिबाला टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तो दिसायला धार्मिक असतो, म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे.

श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांचा दाखला संत लूकने लिहून ठेवला आहे. या दाखल्यातला लाजरस स्वभावाने कसा होता? प्रामाणिक होता की लबाड? नशिबाने फसला होता की स्वतःच्या चुकीने भिकेला लागला होता? प्रभूने यावर एक शब्दही सांगितलेला नाही. त्याला भूक होती, अंगावर फोड होते, आणि तो एका घराच्या दाराशी पडलेला होता, एवढेच आपल्याला कळते. तेवढे पुरेसे आहे. त्या श्रीमंताविषयीही, त्याने कोणाला लुबाडले, कोणाचा खून केला किंवा लाजरसला काठी मारून हाकलले, असे कोठेही म्हटलेले नाही. दाराशी माणूस पडलेला असताना तो रोज मेजवानीला बसत राहिला, हाच त्याचा अपराध. प्रभूने या दाखल्यात गरिबाला नाव दिले आणि श्रीमंताला दिले नाही. आपले उलटे असते. श्रीमंतांची नावे आपल्याला पाठ असतात, आणि गरीब म्हणजे 'ती भांडीवाली' किंवा 'तो दारुड्या'.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत योहान क्रिसोस्तोम हे अंत्युखिया शहरात धर्मगुरू होते. त्यांनी या एका दाखल्यावर अनेक प्रवचने दिली. त्यांच्याही काळी लोक हीच तक्रार करीत असत, की मागणारे लबाड असतात, त्यांची नीट चौकशी करावी. यावर त्यांनी बंदराचे उदाहरण दिले. समुद्रात गलबत फुटून लोक बंदराला लागतात, तेव्हा बंदर त्यांची चौकशी करीत नाही. चांगला असो वा वाईट, बुडणाऱ्या प्रत्येकाला ते आत घेते. गरिबी हे जमिनीवर फुटलेले गलबत आहे, आणि दान देणाऱ्याने बंदर व्हावे, असे त्यांचे सांगणे होते. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना हे फोड करून सांगायला नको. वादळात बोट आत येत असताना ती कोणत्या गावाची, तिचा तांडेल कसा, हे कोणी विचारीत बसत नाही. आधी दोर टाकतात.

चौकशी आणि सेवा हे दोन मार्ग एकोणिसाव्या शतकात एका धर्मगुरूच्या आयुष्यात अगदी समोरासमोर आले. ते म्हणजे मोलोकाईचे संत डेमियन. बेल्जियममध्ये १८४० साली जन्मलेले हे फादर १८६४ साली हवाई बेटांवर मिशनरी म्हणून आले. त्या काळी तेथे कुष्ठरोग पसरत होता. १८६५ साली तेथील राजाने कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून रुग्णांना पकडून मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडले जाऊ लागले. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला उभा कडा. हा कायदा शंभरहून अधिक वर्षे, म्हणजे १९६९ पर्यंत टिकला. या काळात सुमारे ८,००० माणसे आपल्या घरादारापासून तोडून तेथे पाठविण्यात आली.

त्या वस्तीची बदनामी सगळीकडे झाली होती. तेथे दारू गाळतात, तेथे कसलीही नीती उरलेली नाही, असे लोक बोलत. त्यात खोटे सगळेच नव्हते. त्या काळी काही डॉक्टरही कुष्ठरोगाचा संबंध दुराचाराशी जोडीत. म्हणजे रुग्ण आजारी तर होताच, वर पापीही ठरत होता. १० मे १८७३ रोजी फादर डेमियन तेथे उतरले. त्यांनी प्रथम न्यायासन मांडले नाही. त्यांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, घरे उभारली, पिण्याचे पाणी नळाने वस्तीत आणले. मेलेल्यांसाठी शवपेट्या बनविल्या आणि कबरी खणल्या. दारूबाजीविरुद्ध ते खंबीरपणे उभेही राहिले. मात्र असे उभे राहणारा माणूस त्यांच्यातच राहत होता, त्यांच्याबरोबर जेवत होता. प्रवचन करताना ते स्वतःलाही कुष्ठरोग्यांत धरून बोलत, आणि तेही स्वतः निरोगी असताना. पुढे त्यांना खरोखरच तो रोग जडला. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते मरण पावले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत होनोलुलूमधील हाइड नावाच्या एका प्रॉटेस्टंट पाळकांचे खासगी पत्र वृत्तपत्रात छापून आले. फादर डेमियन हे ओबडधोबड, अस्वच्छ आणि हेकट होते, त्यांचे वागणे शुद्ध नव्हते आणि त्यांचा रोग हे त्यांच्याच दुर्वर्तनाचे फळ होते, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे जो न्याय लोकांनी रुग्णांना लावला होता, तोच आता त्यांची सेवा करणाऱ्यालाही लावला गेला. त्यावर १८९० साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या प्रसिद्ध लेखकाने जाहीर उत्तर लिहिले. स्टीव्हन्सन स्वतः प्रॉटेस्टंट घरातले. फादरांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच ते त्या वस्तीत जाऊन राहून आले होते. फादरांचे दोष त्यांनी लपविले नाहीत. ते हट्टी होते, अव्यवस्थित होते, हे त्यांनी मान्य केले. परंतु त्यांचा मुद्दा वेगळा होता. जे काम आपण करायला हवे होते आणि केले नाही, ते दुसऱ्याने केले. मग घरात आरामात बसून त्याचे दोष मोजण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला?

हे सांगताना आपण एका पंथाकडे बोट दाखवू नये. फादर डेमियन यांच्या स्वतःच्या संघातील वरिष्ठांनाही ते डोईजड वाटत असत. पुढे त्यांचे सारे जीवन ख्रिस्तसभेने बारकाईने तपासले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी संतपद दिले. कुष्ठरोग आज औषधाने पूर्ण बरा होतो. दुसऱ्याच्या दुखण्यात त्याचे पाप शोधण्याची सवय मात्र तशीच राहिली आहे. एचआयव्ही झालेल्या माणसाकडे आपण कसे पाहतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

येथे कोणी विचारील, मग पापाला पाप म्हणायचेच नाही काय? दारुड्याला पैसे देऊन त्याचे व्यसन वाढवायचे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या परंपरेत आहे. संत थॉमस अक्विनास सांगतात, की पापी माणसात दोन गोष्टी असतात. एक त्याचा अपराध आणि दुसरे त्याचे मनुष्यपण. त्याच्या अपराधाला आपण हातभार लावायचा नाही. पण त्याचे मनुष्यपण जगावे म्हणून मदत करायला आपण बांधलेले आहोत. हा भेद व्यवहारात सोपा आहे. पिणाऱ्याच्या हाती रोख रक्कम देऊ नका. त्याच्या घरी तांदूळ आणि डाळ पोहोचवा. मुलांची फी थेट शाळेत भरा. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायला कोणी नसेल, तर बरोबर जा. विवेकाने द्यावे. विवेकाचे नाव पुढे करून देणेच बंद करू नये.

दुसऱ्याविषयी संशय असेल तर काय करावे, हेही संत थॉमस सांगतात. खात्रीचा पुरावा नसेल, तर दुसऱ्याच्या वागण्याचा चांगला अर्थ घ्यावा. असे केल्याने कधीकधी आपण फसू. पण वाईट माणसाला चांगले समजून वारंवार फसणे, हे चांगल्या माणसाला एखाद्या वेळीही वाईट ठरविण्यापेक्षा बरे, असे त्यांचे मत आहे. पहिल्या चुकीत आपले थोडे नुकसान होते. दुसऱ्या चुकीत एका निरपराध माणसावर अन्याय होतो. तो माणूस उपाशी असेल, तर त्याचा जीवही जाऊ शकतो.

चुकणाऱ्याला समजावणे हेदेखील दयेचे कार्य आहे. ख्रिस्तसभेने आध्यात्मिक दयेच्या कार्यांत त्याची गणना केली आहे. परंतु प्रभू येशूने ते कोणत्या क्रमाने केले, ते पाहा. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला त्याने आधी दगडांपासून वाचविले आणि मग पुन्हा पाप न करण्यास सांगितले. जक्कयच्या घरी तो आधी पाहुणा म्हणून गेला. पश्चात्ताप त्यानंतर आला. आणि त्या पश्चात्तापाचे पहिले फळ कोणते? अर्धी मालमत्ता गरिबांना. ज्याने जखम धुतली, त्याचाच शब्द जखमी माणूस ऐकतो.

पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन एक छोटा गट सुरू केला. तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो, असा टोमणा त्यांना ऐकावा लागला होता. वादविवाद करीत न बसता ते उठले आणि गरीब कुटुंबांच्या घरी जाऊ लागले. सिस्टर रोझाली रेंदू यांनी त्यांना ही वाट दाखविली. त्यातूनच संत व्हिन्सेंट डी पॉल संघटना उभी राहिली, जी आज आपल्या अनेक धर्मग्रामांत काम करते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानाम यांना १९९७ साली धन्यवादित घोषित केले. या संघटनेने घरी जाऊन भेटण्याची पद्धत सुरुवातीपासून सांभाळली, यामागे मोठे शहाणपण आहे. दुरून माणसाचे फक्त व्यसन दिसते. घरात पाऊल टाकले की गळके छप्पर, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सावकाराचे कर्ज आणि अभ्यासाला बसलेली पोर दिसते. मग निकाल द्यायला जीभ उचलत नाही. पोप लिओ चौदावे यांनी ४ ऑक्टोबर २०२५ रोजी गरिबांवरील प्रेमाविषयी जे प्रेषितीय बोधपत्र दिले, त्यातही बहुतेक गरिबांनी आपली गरिबी स्वतः निवडलेली नसते, याची आठवण त्यांनी आपल्याला करून दिली आहे.

शेवटी एक विचार करू. देवाने हाच नियम आपल्याला लावला असता तर? पावसाळ्यात ढग भरून येतात तेव्हा पाऊस बांधावर थांबून शेत कोणाचे, असे विचारीत नाही. सज्जनाच्या भाताला आणि भांडखोराच्या भाताला तो सारखाच पडतो. प्रभूने आपल्याला स्वर्गीय पित्याची ओळख अशीच करून दिली आहे. आपण पापी होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे संत पौल रोमकरांस लिहितो. आधी सुधारा मग मरतो, असे ख्रिस्ताने म्हटले नाही. प्रत्येक मिस्सामध्ये आपण पात्र नाही असे कबूल करतो आणि लगेच पवित्र भाकर घ्यायला पुढे होतो. देवाच्या दाराशी आपण सगळेच मागणारे आहोत. तेथे आपल्याला अपात्र असूनही मिळते. मग आपल्या दाराशी आलेल्याने आधी पात्रता सिद्ध करावी, असा हट्ट आपण कोणत्या तोंडाने धरायचा?

म्हणून या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. पहिली, आपल्या वाडीतील ज्या एका घराविषयी आपण आजवर नुसतेच बोलत आलो, त्या घरी जाऊन येऊ. रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि गेल्यावर उपदेश करू नये, बसून ऐकावे. दुसरी, एखाद्या गरजू माणसाच्या पापाची चर्चा निघाली, तर ती पुढे नेऊ नये. त्याला आज काय हवे आहे, एवढेच विचारावे. तिसरी, पापाची चौकशी करायचीच असेल तर ती प्रायश्चित्त संस्काराला जाऊन स्वतःची करावी. तेथे आपल्याला दुसऱ्या कोणाचीही पापे सांगण्याची परवानगी नाही, ही मोठी कृपा आहे.

दफनभूमीत या महिन्यात आपण ज्यांच्या कबरींवर फुले वाहिली, त्यांची परीक्षा होऊन गेली आहे. आपली अजून व्हायची आहे. प्रश्न आपल्याला माहीत आहेत, आणि ज्याच्याकडून उत्तर शिकायचे तो लाजरस आज आपल्या दाराशी आहे. न्यायासन प्रभूचे आहे. ते त्याच्याकडेच राहू द्यावे. आपल्या वाट्याला त्याने दार उघडण्याचे काम दिले आहे. ते करण्याची कृपा गरिबांची माता पवित्र मरिया आणि मोलोकाईचे संत डेमियन यांच्या मध्यस्थीने प्रभू आपल्या धर्मग्रामाला देवो. आमेन.